बुवांचा टोन

दर रविवारी दुपारी तीन वाजता एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात चार माणसं जमायची आणि एकाच बँडची गाणी ऐकायची. वर्ग लहान होता. भिंतींवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर बसवलेलं स्टिअरिंग, त्याच्या पायाशी तीन पेडल आणि मधोमध घडीच्या खुर्च्या. आठवडाभर तिथं नवशिकी माणसं क्लच आणि गिअर शिकायची. रविवारी फळ्याखालच्या टेबलावर अॅम्प्लिफायर यायचा, दोन बाजूंना कमरेएवढे स्पीकर उभे राहायचे आणि दाराला आतून कडी लागायची.

स्कूल मेहुण्याचं होतं. तो मेहुणा कानसेनचा, म्हणजे कानसेनच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण बाकीचेही त्याला मेहुणाच म्हणायचे आणि त्यावर त्याची काही तक्रार नव्हती. दुसरे मास्तर, हायस्कुलात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळणारे. तिसरी बेकरीवाली. ती रोज पहाटे उठून पाव भाजायची, म्हणून रविवारी ऐकता ऐकता तिला हमखास डुलकी लागायची, पण गिटारचा सोलो सुरू झाला की डोळे आपोआप उघडायचे. आणि चौथा कानसेन.

कानसेन बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होता. तरुणपणी त्याचं काम असं, की फिरत्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतली एखादी गोळी खरखरते का ते सांगायचं. दिवसाला चारशे बेअरिंगं. तो नाही म्हणाला की ते बेअरिंग बाद. पुढे कंपनीनं कंपनं मोजणारं यंत्र आणलं आणि कानसेन यंत्राच्या अहवालांवर सह्या करू लागला. पण तोवर कान तयार झाला होता, निदान सगळे तसं समजत होते, आणि नावही पडलं होतं.

ह्या चौघांना स्टुडिओत केलेली रेकॉर्डं चालायची नाहीत. स्टुडिओत चुका पुसता येतात. बँड ऐकावा तो स्टेजवरचा, कुणीतरी गर्दीत उभं राहून टेप केलेला, नाहीतर साउंडवाल्याच्या टेबलावरून चोरून उतरवलेला. बँडचे चौघेही आता सत्तरी ओलांडून गेले होते आणि अजून वाजवत होते. त्यातल्या गिटारिस्टला ही मंडळी बुवा म्हणत. बुवांनी पन्नास वर्षांत एक सोलो दोनदा सारखा वाजवला नव्हता. एखादा सूर उचलायचा, बोटाखाली थरथरत धरायचा आणि करंगळीनं गिटारवरचं आवाजाचं बटण फिरवत त्याला असा फुगवत न्यायचा की ऐकणाऱ्याचा श्वास वर राहायचा. त्या सुराचा जो पोत, त्याला टोन म्हणायचं. टोनवर ह्यांचे रविवारच्या रविवार जायचे.

शेवटचा शब्द कानसेनचा असायचा. तो डोळे मिटून ऐकायचा आणि गाणं संपल्यावर म्हणायचा, “ह्यात लाकूड कमी आणि तार जास्त आहे.” किंवा, “हा अॅम्प बुवांचा नव्हे. कुणाचा तरी मागून आणलाय.” मास्तर ते वहीत टिपून घ्यायचे. दुसऱ्या गावांतले, दुसऱ्या देशांतले बँडवेडे लोक मास्तरांना लिहून विचारायचे, अमुक टेप खरी का, अमुक कार्यक्रम चांगला का, आणि मास्तर कानसेनचा निकाल कळवायचे.

अॅम्प्लिफायरवरचं ट्रेबलचं, म्हणजे वरचे सूर वाढवायचं, बटण कानसेननं नऊ वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या रविवारी, उजवीकडे टोकाला नेऊन त्यावर चिकटपट्टी लावली होती. पट्टीवर बॉलपेननं लिहिलं होतं: हात लावू नये. बेकरीवालीचं डोकं रविवारी संध्याकाळी ठणकायचं. तिला वाटायचं, झोप पुरत नाही. मास्तरांना ड्रमवाल्याच्या झांजा दातांत गेल्यासारख्या वाटायच्या. त्यांना वाटायचं, आपल्याला संगीतातलं कळत नाही. मेहुणा सर्वांत लांब, दाराशी बसायचा आणि त्याबद्दल काही बोलायचा नाही.

एका रविवारी बेकरीवालीनं तीस वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमाची टेप आणली. कुणाला तरी माळ्यावर सापडली होती. टेप सुरू झाली आणि पहिल्या मिनिटापासून स्पीकरमधून एक बारीक शिट्टी येऊ लागली. सुईसारखी, एकसारखी. गाणं थांबलं तरी ती चालूच. मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्यानं खाली पाहिलं, बेकरीवालीनं मान हलवून कान झटकला. मग तिघांनीही कानसेनकडे पाहिलं.

कानसेन डोळे मिटून बसला होता. बाजू संपली तेव्हा तो म्हणाला, “स्वच्छ. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आजवर ऐकलं नाही.”

मास्तरांनी वहीत ‘स्वच्छ’ असं लिहिलं आणि घरी जाताना ते घाबरले. त्यांचे वडील म्हातारपणी कानात शिट्टी वाजते म्हणून रात्रंदिवस कुरकुरत असत. आपल्यालाही तेच झालं, अशी त्यांची खात्री पटली. मंगळवारी शाळेतून अर्धी रजा काढून ते कान तपासणाऱ्या बाईंकडे गेले.

ही बाई तरुण होती, पण बोलायची ठणठणीत, कारण तिचं गिऱ्हाईकच तसं होतं. तिनं मास्तरांची सगळी तपासणी केली आणि म्हणाली, “सर, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. शिट्टी कधी ऐकू येते?”

“रविवारी. तीन ते पाच.”

“फक्त रविवारी?”

“आणि फक्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.”

“मग दुरुस्ती स्कूलची करा,” बाई म्हणाली. “शिट्टी खरीच असेल.”

मास्तर शाळेत परत गेले नाहीत, थेट मेहुण्याकडे गेले. मेहुणा शिकवणीच्या गाडीत बसून पुढच्या विद्यार्थ्याची वाट बघत होता. मास्तर मागच्या सीटवर बसले आणि झालं ते सांगितलं. शिट्टी खरी असेल तर कानसेनला ती ऐकू कशी आली नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारायची गरज नव्हती.

“मला तीन वर्षांपासून माहीत आहे,” मेहुणा म्हणाला.

“काय सांगतोस!”

“भाऊजी माझ्याबरोबर गाडी चालवतात ना कधीकधी. वळण घेऊन झालं तरी इंडिकेटर चालूच ठेवतात. टिकटिक ऐकूच येत नाही त्यांना. मी हात घालून बंद करतो.”

“अरे, मग बोलायचं नाही का?”

“माझ्या बहिणीचे यजमान, वयानं मोठे, त्यात कानसेन. तुम्हीच सांगा मास्तर, कसं सांगू? कानात सांगू?”

मास्तरांना हसू आलं आणि हसल्याचं वाईटही वाटलं. शेवटी दोघं मिळून कानसेनच्या बायकोकडे गेले. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगांच्या कडा घासून फ्रेममध्ये बसवायची. मेहुण्यानं फार वळसे घेत विषय काढला, तेव्हा तिनं चाकावरचं भिंग न उचलता विचारलं, “एवढं कळायला तुम्हांला शिट्टी लागली?”

“ताई, तुला माहीत होतं?”

“मी पाच वर्षं त्यांच्याशी समोर जाऊनच बोलते. पाठीमागून बोललं की ‘हो’ म्हणतात. काहीही विचारा, ‘हो’. एकदा विचारलं, घर जाळू का. हो म्हणाले.”

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला समोर बसवलं. “अहो, आमच्या दुकानात लोक येतात,” ती म्हणाली. “डोळे ठीक आहेत म्हणतात, हल्ली छपाईच फिकी करतात म्हणतात. तसं झालंय तुमचं.”

“माझं काय झालंय?”

“हेच. तुम्हांला ऐकू कमी येतं.”

कानसेन हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. ती टेपची शिट्टी, इंडिकेटर आणि घर जाळायचा प्रश्न, सगळं एकदमच बाहेर आलं. कानसेननं ऐकून घेतलं आणि तपासणीला यायचं कबूल केलं. त्याचा हेतू त्यांना खोटं पाडायचा होता.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. भिंतींना करडा स्पंज, बसायला एक स्टूल, समोर जाड काच. काचेपलीकडे बाई बसली. कानसेनच्या डोक्यावर हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. तो चांगला परीक्षार्थी होता. पाठ ताठ करून, डोळे मिटून बसला. पहिले काही आवाज जाड, घुमणारे होते, त्यांना त्यानं झटपट बटण दाबलं. नंतर बराच वेळ काही आलं नाही. मग त्याला वाटलं, अगदी बारीक काहीतरी आलं. दाबलं. पुन्हा आलंसं वाटलं. दाबलं.

बाईचा आवाज हेडफोनमधून आला. “काका, आत्ता मी काहीच वाजवत नव्हते.”

“आणि मघाशी?”

“मघाशी वाजवत होते. तेव्हा तुम्ही दाबलं नाही.”

बाहेर आल्यावर तिनं कागद दाखवला. डावीकडून रेघ बऱ्यापैकी सपाट चालत आली होती आणि मध्यावर पोचल्यावर घसरगुंडीसारखी खाली गेली होती. वरचे सूर, झांजा, शिट्ट्या, पक्षी, शब्दांतले स आणि श, हे सगळं घसरगुंडीच्या पलीकडे होतं.

“काम काय करायचात?” तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. “यंत्रांच्या आवाजात? कानाला काही न लावता?”

“कानाला लावलं तर बेअरिंग कसं ऐकणार?”

बाईनं कागदावर काहीतरी लिहिलं.

“हे कधीपासूनचं?” त्यानं विचारलं.

“नक्की नाही सांगता येणार. पण इतकं उतरायला दहा-बारा वर्षं जातात.”

घरी परतताना बसमध्ये कानसेन खिडकीशी बसला आणि मनातल्या मनात मागे मोजत गेला. रविवार सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यानं दिलेला एकही निकाल ह्या घसरगुंडीच्या आधीचा नव्हता. लाकूड कमी, तार जास्त. हा अॅम्प परका. ही टेप स्वच्छ. मास्तरांच्या चार वह्या भरल्या होत्या. बायको शेजारी बसली होती. ती काही बोललीही असेल, पण त्याचं तोंड खिडकीकडे होतं आणि त्यानं वळून पाहिलं नाही.

पुढचे तीन रविवार तो गेला नाही. तिघं जमले. शिट्टी अॅम्प्लिफायरमधली निघाली, मास्तरांनी एक जुना कपॅसिटर बदलला आणि ती गेली. चिकटपट्टीला मात्र कुणी हात लावला नाही. बेकरीवाली एकदा म्हणाली, “काढायची का?” मेहुणा म्हणाला, “ते आल्यावर.” मग त्यांनी दाराशी खुर्च्या ओढल्या आणि तिथून ऐकलं.

चौथ्या रविवारी कानसेन आला. दोन्ही कानांमागे राखाडी रंगाची, शेंगदाण्याएवढी यंत्रं होती. आपण त्यांच्याकडे बघत नाही असं सगळे दाखवत होते आणि सगळेच बघत होते. तो सरळ टेबलाशी गेला, नखानं पट्टी उकरून काढली आणि ट्रेबलचं बटण मध्यावर आणलं.

“लावा काहीतरी,” तो म्हणाला.

मास्तरांनी सर्वांना पाठ असलेली एक टेप लावली. मग बेकरीवालीनं तोंडावर हात ठेवला. “अगंबाई! ह्याच्यात मागे ऑर्गन आहे?”

“पहिल्यापासून आहे,” मास्तर हळूच म्हणाले. “टेपच्या डबीवर लिहिलंय.”

“मला वाटायचं चुकून लिहिलंय.”

कानसेननं तिघांचे चेहरे बघितले. ते सैल झाले होते, चावणारा बूट काढल्यावर माणूस होतो तसे. “यंत्रं काढली तर मला गादीखाली वाजल्यासारखं येतं,” तो म्हणाला. “लावली तर पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं. पण तुम्हांला बरं वाटतंय ना?”

“भाऊजी, तुम्हांला हवं तर पुन्हा—”

“नको,” कानसेन म्हणाला आणि मेहुण्याच्या नेहमीच्या जागी, दाराशी जाऊन बसला.

कान तपासणारी बाई त्याच्यासाठी पुष्कळ खपली. यंत्रं बोलणं ऐकायला बनवलेली असतात, ती म्हणाली. गिटारचा लांबलेला सूर त्यांना शिट्टी वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. तिनं संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली. ती दर आठवड्याला बदलत गेली आणि कानसेन दर आठवड्याला येऊन सांगत गेला, आता डबा मोठा झालाय, आता डब्याचं झाकण उघडलंय. गाणी पूर्वीसारखी ऐकू आली नाहीत. कारखान्यात मात्र त्याला पंचवीस वर्षं ओळखीच्या माणसांचे आवाज पहिल्यांदाच नीट कळले, आणि काहींचे आवडले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात बँडचा निरोपाचा दौरा जाहीर झाला आणि त्यातला एक कार्यक्रम तीन तासांवरच्या मोठ्या शहरात, खेळाच्या मैदानावर, संध्याकाळी पाचला होता. चौघं शिकवणीच्या गाडीतून निघाले. पाचवी कानसेनची बायको. तिला बँडचं काडीचं कौतुक नव्हतं, पण नवरा ह्या लोकांबरोबर जाऊन काय ऐकणार आणि काय सांगणार ते तिला बघायचं होतं. गाडीच्या टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी होती, त्यामुळे सगळ्या रस्त्यानं लोक लांबून जायला देत होते.

बाईनं बजावलं होतं, की असल्या आवाजात यंत्रं काढून ठेवा आणि कानांत फोमची बोंडं घाला, उरलंय ते तरी जपा. कानसेननं यंत्रं काढून डबीत ठेवली. बोंडं खिशातच राहिली.

बुवा चालत आले तेव्हा ऊन अजून स्टेजच्या पायऱ्यांवर होतं. पांढरे केस, पांढरा शर्ट, गिटार पोटाशी जरा उंच धरलेली. पहिली दोन गाणी त्यांनी नुसती साथ केली. तिसऱ्या गाण्यात बाकीचे थांबले, बुवा एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी सूर उचलला.

कानसेननं डोळे मिटले. सूर आला. गादीखालून नव्हे, डब्यातून नव्हे. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं एका गळक्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून जो ऐकला होता, तसाच: आधी नखाचा खरवडा, मग तार, मग लाकूड, मग त्या सर्वांच्या वर एक चकाकती कड. ती कड त्याला कितीतरी वर्षांत भेटली नव्हती, आणि भेटली नव्हती हेही त्याला ती भेटल्यावर कळलं. सूर फुगत गेला. कानसेनचे हात मांड्यांवर होते, ते तिथंच राहिले. गालावरून पाणी ओघळून कॉलरमध्ये गेलं.

मग त्यानं डोळे उघडले आणि बायकोला सांगायला वळला.

ती दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती. तिच्या पलीकडे मास्तरांचा चेहरा दात काढताना असतो तसा झाला होता. मेहुण्याचे खांदे कानांपर्यंत चढले होते. बेकरीवाली रुमालाचे बोळे करत होती. पुढच्या रांगेतला एक माणूस पोराच्या कानांवर तळहात दाबून उभा होता. मैदानभर लोक टाळ्या वाजवत होते, ओरडत होते आणि डोळे बारीक करत होते.

स्टेजच्या कडेला, अॅम्पच्या मागे, काळ्या कपड्यांतली एक पन्नाशीची बाई खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती. ती बुवांच्या गिटारी सांभाळायची. बुवांनी वळून तिला तळहात वर करून खूण केली: वाढव. तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. बुवांनी पुन्हा तीच खूण केली. तिनं खाली वाकून एक बटण फिरवलं. बायकोनं कानांतली बोटं आणखी खुपसली, आणि कानसेनला सूर आणखी सुंदर वाटला.

तेव्हा त्याला कळलं. त्यानं तो सबंध कार्यक्रम ऐकला, पण पुन्हा डोळे मिटले नाहीत.

परतताना गाडीत सगळे एकदम बोलत होते. काय वाजवलं! ह्या वयात! आणि टोन! बेकरीवाली म्हणाली, “टोन म्हणजे काय, कापत जातो.” मास्तर म्हणाले, “तेजस्वी. तेजस्वी हाच शब्द.” कानसेन काही म्हणाला नाही. त्याला ऐकू येत नसेल असं समजून कुणी विचारलंही नाही. यंत्रं कानांवर होती आणि त्याला बऱ्यापैकी ऐकू येत होतं.

रविवारी मास्तरांनी वही उघडली. कार्यक्रमाचा वृत्तांत लिहायचा होता, बाहेरगावचे लोक वाट बघत होते. प्रत्येकानं आपलं सांगितलं आणि ते तिघांचंही सारखंच होतं. मग सवयीनं तिघं कानसेनकडे वळले आणि वळल्यावर ओशाळले.

“लिहा,” कानसेन म्हणाला. “टोन वाईट होता.”

“काय?” बेकरीवाली म्हणाली.

“मला फार छान वाटला. म्हणजे वाईटच असणार.”

मेहुणा हसला आणि एकटाच हसला. कानसेन त्यांना सावकाश सांगत गेला: कोण कसं बसलं होतं, कुणाचे खांदे कुठे होते, टॉवेलवाल्या बाईला बुवा काय खूण करत होते. “बुवांना वरचं ऐकू येत नाही. माझ्यासारखंच. येत नाही म्हणून वाढवतात. मी नऊ वर्षं इथं हेच केलं.”

“तुमचं वेगळं,” बेकरीवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “तुम्ही बेअरिंग तपासता. ते बुवा आहेत. त्यांना तसा टोन हवा असेल म्हणून तसा आहे.”

“तुम्ही कानांत रुमाल घातला होता.”

“माझं डोकं दुखत होतं. झोप झाली नव्हती.” ती उठून उभी राहिली. “तुमचं गेलं म्हणून सगळ्यांचं जायला पाहिजे का?”

हे बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं आणि ती बसली. मास्तर पेनचं टोपण काढत-लावत राहिले. वहीत शेवटी ‘तेजस्वी’ असंच गेलं, तीन विरुद्ध एक. मेहुण्याचं मत कुठे पडलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण तीन होण्यासाठी ते तिकडेच पडायला हवं होतं.

कानसेननं वाद घातला नाही. घरी जाऊन त्यानं बुवांना पत्र लिहिलं. ते असं होतं:

‘मी बेचाळीस वर्षं तुमचं वादन ऐकतो आहे. त्यातली शेवटची दहा मी अर्धंच ऐकलं, हे मला ह्या वर्षी कळलं. परवाच्या कार्यक्रमातला तुमचा टोन मला फार आवडला, म्हणून हे पत्र. माझ्या शेजारी बसलेल्या माणसांना तो सहन झाला नाही. ती तुम्हांला सांगणार नाहीत, कारण त्यांचं तुमच्यावर प्रेम आहे. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. तुमचाही असाच निघाला तर फार मनाला लावून घेऊ नका. मी तीन आठवडे लावून घेतलं, त्याचा उपयोग झाला नाही.’

बायकोनं वाचून पाहिलं. “हे ‘आदरणीय बुवा’ काय? त्यांना कुठे माहीत ते बुवा आहेत?”

त्यानं ते खोडून खरं नाव घातलं. बँडच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाकीट गेलं. दौरा दुसऱ्या देशांत सरकला. कार्यालयाकडून काही आठवड्यांनी एक छापील फोटो आला, त्यावर छापील सही होती. कानसेननं तो मेहुण्याला देऊन टाकला.

त्यानंतर महिन्याभरानं दुसरं पाकीट आलं. आत वहीचा फाडलेला कागद. लिहिणारी ती टॉवेलवाली बाई होती.

‘तुमचं पत्र कार्यालयात पडून होतं, माझ्या हाती लागलं. मी त्यांना ते वाचून दाखवलं. दोनदा वाचावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग कागद बघितला आणि बराच वेळ बघत बसले. मी सोळा वर्षं त्यांच्याकडे आहे आणि सहा वर्षं हे सांगायचं म्हणते आहे. ते रागावले नाहीत. तुम्ही कोणतं यंत्र लावता आणि गिटारसाठी त्याची जुळणी कशी केली, ते विचारायला सांगितलं आहे.’

कानसेन तो कागद घेऊन कान तपासणाऱ्या बाईकडे गेला. तिनं वाचला. बँडचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. “काका, प्रत्येकाचा कान वेगळा असतो,” ती म्हणाली. “तुमची जुळणी त्यांना चालणार नाही. त्यांनी तिकडेच कुणाला तरी दाखवायला पाहिजे.”

“तसं लिहितो. पण छापून तर द्या.”

तिनं छापून दिली. त्यानं खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, की डबा मोठा व्हायला पाच आठवडे लागतात, झाकण उघडायला आणखी तीन. त्याआधी यंत्र फेकून देऊ नये. हे त्यांना कळेल का, असं बायकोनं विचारलं. कळेल, तो म्हणाला.

दौरा हिवाळ्याच्या सुरुवातीला संपला. शेवटच्या कार्यक्रमाची टेप बेकरीवालीनंच मिळवली. तिनं कानसेनशी मध्यंतरी बोलणं सोडलं नव्हतं, फक्त कमी केलं होतं. टेप लागली. तिसऱ्या गाण्यात बाकीचे थांबले आणि बुवांचा सूर आला. मास्तर पुढे झुकले. मेहुण्यानं दाराशी असलेली खुर्ची उचलून आत आणली.

“मऊ झालाय,” मास्तर म्हणाले. “गोल.”

“मऊ काय, विझलाय,” बेकरीवाली म्हणाली. “ती कापत जायची धार कुठे आहे ह्यात? म्हातारे झाले बुवा. थांबले ते बरं केलं.” ती त्यावर बराच वेळ बोलली. मास्तरांचं आणि तिचं चांगलंच वाजलं. कानसेन तिच्या समोरच बसला होता आणि त्याला जवळजवळ सगळं ऐकू आलं.

“तुम्हांला काय वाटतं?” शेवटी तिनं विचारलं.

“मला फारसं येत नाहीये,” कानसेन म्हणाला. “तुम्ही बोला, मी ऐकतो.”

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, “पत्राचं सांगितलंत त्यांना?”

“नाही.”

“माझ्या भावालाही नाही?”

“नाही.”

“का?”

कानसेननं यंत्रं काढून डबीत ठेवली होती. त्यानं प्रश्न तिच्या ओठांवरून वाचला. “बुवांच्या कानांची गोष्ट आहे,” तो म्हणाला. “सांगायची असेल तर ते सांगतील.”